खव्याची कढई आणि मोटारीची तार

भूम तालुक्यात खव्याची भट्टी शोधायला पत्ता लागत नाही. लाकडाचा धूर आणि आटत्या दुधाचा वास यांच्या मागे गेले की झाले. बालाघाटाच्या या पठारावर पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे शेतीला म्हशींची जोड आली. दूध लांबच्या बाजारापर्यंत टिकत नाही, खवा टिकतो, म्हणून भट्ट्या आल्या. तालुक्यातले कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींचे ते निर्वाणस्थान मानतात. तिथून परतणारा यात्रेकरू पेढ्यांचा पुडा घेतल्याशिवाय सहसा निघत नाही. म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा पडतो. बाकीचे सारे पाणी, आणि ते उडवायचे काम आच आणि कढई यांच्याकडे.

ही कढई परंपरेने लोखंडाची. पसरट, जाड बुडाची, वर्षानुवर्षे घासून आतून गुळगुळीत झालेली. आता ठिकठिकाणी स्टेनलेस स्टीलची फिरती यंत्रे आली आहेत, पण तेही मुख्यतः लोखंडच, क्रोमियम आणि निकेल मिसळून सुधारलेले.

भौतिकशास्त्राचा तक्ता समोर ठेवला तर ही निवड उलटी वाटते. उष्णता वाहून नेण्यात तांबे शुद्ध लोखंडाच्या जवळजवळ पाचपट तरबेज आहे. तांब्याच्या भांड्यात आच सगळीकडे सारखी पसरते. लोखंडाच्या कढईत ज्वाळेच्या बरोबर वरचा भाग तापतो आणि कडा मागे राहतात, म्हणून दूध तळाला लागू नये यासाठी माणसाला उलथणे घेऊन अखंड ढवळत बसावे लागते. युरोपातले जुने मिठाईवाले साखरेचा पाक करायला तांब्याचीच भांडी वापरत, ती याच गुणासाठी. मग दुधाला तांबे का नको?

पहिले उत्तर अर्थातच पैशाचे. तांबे लोखंडाच्या कित्येक पटींनी महाग. दुसरे उत्तर उलथण्यात आहे. दूध घट्ट होऊ लागले की कढईचा तळ खरवडावा लागतो, आणि तांबे मऊ धातू आहे. रोज तास न् तास खरवडले तर तांब्याचा कीस खव्यात उतरेल. पण खरे उत्तर तिसरे आहे. ते दुधातच दडलेले आहे आणि त्याची किंमत महाराष्ट्राने एकेकाळी मुलांच्या जिवाने मोजली आहे.

दुधातल्या स्निग्धांशाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाला की त्याला खवट वास येतो. हा संयोग एरवी हळू चालतो, तांब्याचा अगदी लवलेश मिळाला तरी तो धावू लागतो. तांब्याचा अणू कधी एक इलेक्ट्रॉन देऊन, कधी दोन देऊन संयुगात राहतो, आणि या दोन अवस्थांमध्ये तो सहज ये-जा करतो. प्रत्येक फेरीत स्निग्धांशाचा एखादा रेणू तुटतो आणि तांबे पुन्हा नव्या फेरीला मोकळे. लोखंडही हा खेळ खेळते, पण दुधाच्या बाबतीत तांब्याइतक्या चपळाईने नाही. दुग्धशाळांनी तांब्याच्या नळ्या आणि तोट्या हद्दपार केल्या त्या यासाठी. टिकवण्यासाठीच केलेल्या खव्याला तर असा सोबती अजिबात परवडणारा नाही.

खवट वासावर भागले असते तर ठीक होते. पण विसाव्या शतकात भारतातल्या अनेक घरांत सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतची मुले यकृताच्या एका विचित्र आजाराने दगावत. पोट फुगे, यकृत दगडासारखे कडक होई, आणि एका घरात एक मूल गेले की दुसऱ्याचीही धास्ती असे. वैद्यकात त्याला ‘भारतीय बालयकृत काठिण्य’ असे देशाचे नाव लावलेले. या मुलांच्या यकृताची तपासणी केली की तांबे प्रमाणाबाहेर सापडे. ते येते कुठून?

पुण्याच्या डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या प्रश्नाचा माग काढला. रक्ताच्या चाचण्यांच्या जोडीला त्यांनी स्वयंपाकघराची चौकशी केली. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले, ते कशात तापवले, कशात ठेवले? उत्तर पितळेच्या भांड्यांकडे बोट दाखवत होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कल्हई उडालेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात दूध तापवून ठेवले की दुधातले केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. पाणी त्याच भांड्यात ठेवले तर इतके तांबे उतरत नाही. आईच्या दुधाऐवजी लवकर वरच्या दुधावर गेलेले बाळ दिवसातून कित्येकदा हे दूध पिई, आणि त्याचे कोवळे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकायला पुरे पडत नसे. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हा निष्कर्ष छापून आला. भांडी बदलण्याचा सल्ला घरोघर गेला, स्टीलची भांडीही तोवर स्वस्त झाली होती, आणि हा आजार पुढच्या काळात जवळजवळ दिसेनासा झाला. तेच दूध पिऊनही बरीच मुले ठणठणीत राहिली होती, तेव्हा आनुवंशिक कलाचाही वाटा असणार असे काही संशोधकांचे म्हणणे होते. ते खोडून काढण्याचे कारण नाही. पण भांडी गेली आणि आजार गेला, एवढे पुरेसे बोलके आहे.

ऑस्ट्रियातल्या टिरोल या डोंगरी भागातही असेच घडले होते. १९०० ते १९७४ या काळात तिथे १३८ बालके अशाच रोगाने गेल्याची नोंद आहे. तिथेही गाईचे दूध होते आणि तेही बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात तापवलेले. आल्प्सच्या उतारावरचा गवळी आणि देशावरची गृहिणी यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, रसायनशास्त्र मात्र दोघांना एकच लागू पडले.

आपल्याकडच्या आज्यांना हे अर्धे तरी ठाऊक होते. ताक, चिंचेची आमटी, लिंबाचे लोणचे तांब्यापितळेच्या उघड्या भांड्यात ठेवायचे नाही, ते ‘कळकते’, हा घरोघरचा नियम. म्हणून गल्लीत कल्हईवाल्याची हाक आली की भांडी बाहेर निघत. भाता, निखारे, चिमूटभर नवसागर आणि कथलाची कांडी एवढाच त्याचा संसार. नवसागर तापलेल्या तांब्यावरचा मळ आणि ऑक्साइड खाऊन टाकतो आणि अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवले की भांडे चांदीसारखे लखलखते. गडबड एवढीच, की कल्हई झिजते आणि झिजल्याचे बाळ सांगू शकत नाही.

इतके वाचून तांब्याचा हंडा माळ्यावर टाकण्याचे मात्र कारण नाही. साध्या पाण्यासाठी तो उत्तम. बेंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुलाबाचे जंतू मुद्दाम मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले, तेव्हा ते जंतू वाढवून पाहिले तरी सापडले नाहीत. पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेल्या लिटरला दोन मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा कितीतरी कमी होते.

कढईचे लोखंड आणि हंड्याचे तांबे हे दोन्ही धातू आवर्त सारणीच्या एकाच ओळीत राहतात. लोखंड २६ क्रमांकावर, तांबे २९ वर, मध्ये फक्त कोबाल्ट आणि निकेल. शाळेच्या पुस्तकात दोघांना संक्रामक मूलद्रव्ये म्हणतात, म्हणजे ज्यांच्या आतल्या ‘डी’ कक्षेत इलेक्ट्रॉन भरले जात असतात अशी. या कक्षेत दहा जागा. लोखंडाने त्यातल्या सहा भरलेल्या, तांब्याने दहाच्या दहा. इतक्या जवळच्या शेजाऱ्यांचे स्वभाव इतके वेगळे, ते या चार इलेक्ट्रॉनांच्या फरकामुळे.

लोखंडाच्या ‘डी’ कक्षेतले चार इलेक्ट्रॉन जोडीविना फिरतात. बिनजोडीचा प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक इवलासा चुंबक, आणि लोखंडात शेजारशेजारचे अणू आपापले चुंबक एकाच दिशेला वळवून उभे राहतात. लोहचुंबकाला लोखंड चिकटते ते त्यामुळे. ते ७७० अंशांच्या वर तापवले की ही रांग मोडते आणि चुंबकत्व जाते. तांब्याची ‘डी’ कक्षा भरलेली, बिनजोडीचा तिथे कोणी नाही, त्यामुळे चुंबकाला ते दाद देत नाही. पण बाहेरच्या कक्षेतला त्याचा एकुलता एक इलेक्ट्रॉन अगदी मोकळा असतो. तो धातूभर हिंडतो, आणि वीज वाहते ती याच हिंडण्याने. लोखंडात अर्धवट भरलेल्या कक्षा वाटेत आडव्या येतात, धावत्या इलेक्ट्रॉनला ठेचा लागतात, आणि त्याचा विद्युतरोध तांब्याच्या जवळजवळ सहापट भरतो. तांब्याचा रंगही इथूनच येतो. त्याच्या भरलेल्या कक्षेतले इलेक्ट्रॉन निळ्या-हिरव्या प्रकाशाची ऊर्जा पिऊन वर उडी मारतात, मागे परततो तो तांबूस प्रकाश. बहुतेक धातू करडे किंवा रुपेरी दिसतात. तांबे आणि सोने हे ठळक अपवाद.

मग माणसाच्या हाती आधी कोण लागले? तांबे, आणि ते विरळ असूनही. भूपृष्ठाच्या खडकांत सरासरीने टनाला पन्नासएक किलो लोखंड असते, तांबे मात्र जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम. भूमच्या पायाखालच्या काळ्या कातळात, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, लोखंड मुबलक आहे. पण खडकातून धातू काढायचा तर आच लागते. तांबे १०८५ अंशांना वितळते, लोखंड १५३८ ला. दगडी चुलीतून कोळशाच्या भट्टीकडे गेलेल्या माणसाला पहिला आकडा गाठता आला, दुसरा गाठायला हजारो वर्षे लागली.

प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ मध्ये जमिनीतून चार मूर्ती निघाल्या. बैलांचा रथ, म्हैस, हत्ती आणि गेंडा. मिळून साठ किलोंहून अधिक वजन, आणि घडण अशी की महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण युगाची सारी प्रतिमाच बदलावी लागली. धातू मुख्यतः तांबे. इतके तांबे या बेसॉल्टच्या मुलखात आले ते बाहेरूनच. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत भडोच बंदरावर उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबे, कथील आणि शिसे आहे. त्याच ग्रंथात ‘तगर’ नावाची बाजारपेठ येते, तिथून कापड भडोचला जाई. तगर म्हणजे आजचे तेर, भूमच्याच धाराशिव जिल्ह्यातले. आणि तोच लेखक लाल समुद्रावरच्या बंदरांत उतरणाऱ्या भारतीय मालात लोखंड आणि पोलाद नोंदवतो. तांबे आयात, लोखंड निर्यात. दोन हजार वर्षांनीही हे चित्र फारसे पालटलेले नाही. गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिजाचे डोंगर आहेत. तांब्याच्या खनिजासाठी मात्र मध्य प्रदेशातले मलाजखंड किंवा राजस्थानातले खेत्री गाठावे लागते, आणि तेही पुरत नाही म्हणून जहाजे येतात.

विदर्भातल्या महापाषाणकालीन दफनांत, नागपूरजवळच्या माहुरझरीला, घोडे सापडले. त्यांच्या चेहऱ्यावरचे अलंकार तांब्याच्या पत्र्याचे, तोंडातला लगाम लोखंडाचा. दिसायचे काम एकाकडे, ओढ सोसायचे दुसऱ्याकडे. त्याच जिल्ह्यात नायकुंडला लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी उत्खननात मिळाली. अशा भट्टीत लोखंड वितळत नसे. खनिजातला ऑक्सिजन कोळसा ओढून घेई आणि खाली मळीने भरलेला स्पंजासारखा लाल गोळा उरे. तो घणाखाली ठोकठोकून मळी पिळून काढायची. लोहार हा ठोकणारा आणि ओतारी हा ओतणारा, ही कामाची विभागणी धातूंच्या वितळणबिंदूंनीच करून ठेवली.

या विभागणीचा सर्वांत जंगी पुरावा भूमच्या शेजारच्या तालुक्यातून, परांड्याच्या किल्ल्यातून गेला आहे. मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हुसेन रूमी या कारागिराने ओतली. साधारण चार भाग तांबे, एक भाग कथील. घंटेसाठी वापरतात तसला हा मिश्रधातू. कथील मिसळले की तांब्याचा वितळणबिंदू आणखी खाली येतो आणि धातू कठीणही होतो. लांबी सुमारे साडेचार मीटर, वजन ५५ टनांच्या घरात, तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात चिरडलेला हत्ती. काही काळ ती परांड्यात होती, १६३२ च्या सुमारास विजापूरला गेली. चारशे बैल आणि दहा हत्ती जुंपून ती ओढत नेली असे सांगतात. बालाघाटाखालचा काळ्या मातीचा रस्ता ज्याने पावसाळ्यात पाहिला आहे, त्याला ही संख्या फुगवलेली वाटणार नाही.

विजापूरच्याच तटावर लांडा कसाब नावाची दुसरी तोफ आहे, मलिक-ए-मैदानपेक्षा लांब आणि पूर्ण लोखंडी. ती ओतलेली नाही. इतके लोखंड एकदम वितळवायची भट्टीच नव्हती. लोखंडाच्या पट्ट्या आणि कडी तापवून, एकमेकांवर ठोकून, जोडून ती उभी केली. एकीवर नक्षी आहे, कारण साच्यात नक्षी फुकट मिळते. दुसरीवर घणाच्या घावांचा हिशेब आहे.

भूमच्या आजच्या शेतकऱ्याला तोफांशी देणेघेणे नाही, पण दोन धातूंचे क्षार त्याच्या कोठीत असतात. निळे मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, फिकट हिरवा हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. द्राक्षावर आणि लिंबूवर्गीय झाडांवर बुरशीसाठी मारायचे बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुन्याचे. एक टक्क्याचे करायचे तर किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी. फ्रान्समधल्या बोर्डो परगण्यात एकोणिसाव्या शतकात पिएर मिलार्दे यांनी त्याची ओळख करून दिली. हे मिश्रण लोखंडी पिंपात करू नये असा सल्ला सगळे देतात, आणि ते बरोबर झाले की नाही हे पाहायला त्यात लोखंडच बुडवतात. चाकू किंवा सळई काही वेळ धरायची. तिच्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद अजून मोकळे आहे, चुना वाढवा. लोखंडाला इलेक्ट्रॉन द्यायची घाई जास्त, तांब्याला घ्यायची. लोखंडाचा अणू द्रावणात उतरतो आणि तांब्याचा धातू होऊन त्याच्या जागी बसतो. लोखंड गंजून कुसते आणि तांब्याचा हंडा पिढ्यान् पिढ्या टिकतो, त्यामागेही हीच घाई आहे. शिवाय लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटतो आणि आतला धातू पुन्हा उघडा पाडतो. तांब्यावरची हिरवट पुटे चिकटून बसतात आणि पांघरूण होतात.

हिराकसाची गोष्ट याहून चमत्कारिक. लोहाने भरलेल्या खडकापासून बनलेली माती, आणि तिच्यात उभे पीक लोहाला महाग! चुनखडीच्या, विम्ल जमिनीत भुईमुगाची किंवा उसाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह आहे, पण अशा मातीत ते न विरघळणाऱ्या रूपात अडकते. मग हिराकसाची फवारणी करावी लागते. माणसाचेही काहीसे असेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघाले. भाकरी आणि पालेभाज्यांतले सगळे लोह अंगी लागत नाही, जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. लोखंडी कढईत केलेली आंबट भाजी इथे खरोखर मदत करते.

प्रौढ माणसाच्या अंगात तीन-चार ग्रॅम लोह असते, तांबे त्याच्या मानाने अगदी थोडे. पण तांब्याचे एक प्रथिन नसेल तर साठ्यातले लोह रक्तात नीट उतरत नाही, आणि तांब्याच्या तुटवड्यानेही पंडुरोग होतो. ओढ्यातल्या खेकड्याने तर हिमोग्लोबिनची कटकटच ठेवलेली नाही. त्याचा ऑक्सिजन तांबे वाहते, म्हणून त्याचे रक्त निळसर.

सर्वांत जवळचा संसार या दोघांनी विहिरीवर थाटला आहे. पाणबुडी मोटारीत तांब्याच्या तारेचे वेढे असतात आणि ते लोखंडाच्या पातळ चकत्यांच्या गठ्ठ्यात बसवलेले असतात. तार वीज नेते, चकत्या चुंबक होतात, सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलत. चकत्यांच्या जागी अखंड लोखंड असते तर त्यातच भोवऱ्यासारखे प्रवाह फिरून ते तापले असते, म्हणून पातळ पत्रे, मध्ये विद्युतरोधक लेप आणि लोखंडात थोडे सिलिकॉन. उन्हाळ्यात पाणी खाली गेले आणि मोटार कोरडी फिरली की जळतो तो तारेवरचा लेप. रिवाइंडिंगवाला जुनी तार उपसून वजनावर घेतो, नवी भरतो. चकत्यांचा गठ्ठा बहुधा तसाच राहतो.

उपसलेल्या तारेला भाव असतो, म्हणून चोरही असतात. विहिरीवरची केबल रात्रीत कापून नेतात, वरचे प्लॅस्टिक जाळतात आणि आतले तांबे विकतात. डीपी, म्हणजे रोहित्र, फोडून तेल सांडतात ते वेढ्यांतल्या तांब्यासाठी. खांबांवरच्या तारा मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, मधोमध पोलादाची सळई ताण सोसायला. भंगारवाल्याच्या काट्यावर तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी तारही येते. तो तिला लोहचुंबक लावतो. चिकटली तर लोखंडाचा दर, नाही चिकटली तर टोक खरवडून आतला रंग बघतो, कारण मुलाम्याखाली अ‍ॅल्युमिनियमही असू शकते आणि त्याला चुंबक ओळखत नाही.